रात्रीची काळजी आणि दुरावलेली झोप
(नभोवाणीवरील भाषण)

मुंबईच्या उपनगरांत आगगाडीचा खडखडाट अहोरात्र चालतो असें म्हणण्याची चाल आहे. पण तें अक्षरशः खरें नव्हे. मध्यरात्र उलटून गेल्यावर शेवटची लोकल निघून जाते, आणि पहांटे चारच्या सुमारास दिवसाची पहिली धांवूं लागते. मधले दोनतीन तास काय ते शांततेचे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांतील कित्येक घरांत असा एखादा मनुष्य असतो कीं, ज्यानें शेवटची गाडी जातांना ऐकलेली असते आणि पहिली येतांनाही ऐकलेली असते. घरांतील इतर माणसें गाढ झोपलेलीं असतात. हा मात्र छताकडे पाहत मुलाच्या फीचा, आईच्या दुखण्याचा, कचेरींतल्या साहेबाच्या कालच्या एका शब्दाचा हिशेब पुन्हां पुन्हां मांडीत पडलेला असतो.

झोप कां येत नाहीं, असें त्यास विचारलें तर तो म्हणेल कीं, काळजी वाटते म्हणून. हें निदान अर्धें बरोबर आहे. पहिल्या आठवड्याचें तें खरें कारण असतें. सहाव्या महिन्याचें बहुधा नसतें. आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९८७ सालीं निद्रानाशाची जी उपपत्ति मांडली तिचें मर्म हेंच आहे. कांहीं माणसें स्वभावतःच हलक्या झोपेचीं असतात. एखादें संकट येतें आणि त्यांची झोप मोडते. परंतु संकट सरल्यावरही झोप मोडलेलीच राहते, कारण मधल्या काळांत त्या माणसानें झोप मिळविण्यासाठीं जे उपाय केलेले असतात तेच आतां तिच्या आड येतात.

घाटकोपरच्या एखाद्या गृहस्थाची गोष्ट कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावी. जुनी इमारत पुनर्बांधणीसाठीं पाडली. बिऱ्हाड भाड्याच्या जागेंत गेलें. आणि बिल्डरकडून मिळणारें भाडें चार महिने थकलें. अशा वेळीं झोप उडाली नसती तरच नवल! पण गृहस्थ पुढें काय करतो तें पाहण्यासारखें आहे. रात्रीची भरपाई व्हावी म्हणून तो साडेनऊलाच अंथरुणावर पडतो. रविवारीं दहापर्यंत लोळतो. दुपारीं डुलकी काढतो, आणि संध्याकाळीं मरगळ जावी म्हणून चहाचा एक पेला जास्त घेतो. रात्रीं दोनदां तीनदां उशाचा मोबाइल उचलून किती वाजले तें पाहतो. यथावकाश बिल्डर थकबाकी चुकती करतो, परंतु झोप कांहीं परत येत नाहीं. आतां त्याला भाड्याची काळजी उरलेली नसते. त्याला झोपेचीच काळजी लागलेली असते. रात्रींचे नऊ वाजले कीं, "आज तरी लागेल ना?" या प्रश्नानें त्याची छाती धडधडूं लागते.

याच्या मुळाशीं देहाचे दोन साधे नियम आहेत. झुरिच येथील अलेक्झांडर बोर्बेली यांनीं १९८२ सालीं ते एकत्र मांडले. पहिला नियम भुकेसारखा आहे. मनुष्य जितका वेळ जागा राहतो तितकी झोपेची ओढ वाढत जाते. मेंदूंत अडेनोसीन नांवाचें द्रव्य सांचणें हें त्याचें एक कारण होय. दुसरा नियम घड्याळासारखा आहे: देहाच्या अंतर्गत घड्याळाप्रमाणें ठराविक वेळीं झोप सुलभ होते आणि ठराविक वेळीं दुर्लभ. दुपारची डुलकी ही जेवणापूर्वीं फराळ करण्यासारखी आहे. रविवारचें लोळणें घड्याळाचे कांटे पुढेंमागें करतें. चहाकॉफींतील कॅफीन तर अडेनोसीनचा मार्गच अडवून बसतें, आणि त्याचा निम्मा अंश शरीरांतून जावयास पांचएक तास लागतात. म्हणजे संध्याकाळीं सहाला घेतलेल्या चहाचा अर्धा भाग रात्रीं अकराला अंगांत असतोच.

नेमकी तीन वाजतांच जाग कां येते, असें पुष्कळांना कोडें पडतें, आणि त्यांत कांहीं अशुभ असावें अशीही शंका कित्येक घरांतून ऐकूं येते. त्यांत कोडें असें नाहीं. गाढ झोपेचा मोठा वांटा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशांतच उरकतो. झोपेचीं आवर्तनें सुमारें दीडदीड तासांचीं असतात, आणि उत्तररात्रीं तीं उथळ होत जातात. त्या वेळीं क्षणभर जाग येणें हें सर्वांच्याच बाबतींत घडतें. ज्याला भीति नसते तो कूस बदलतो आणि सकाळीं त्याला त्याची आठवणही राहत नाहीं. वय वाढलें म्हणजे या जागा वाढतात, हेंही स्वाभाविकच आहे.

जागरणापेक्षां जागरणाची भीति अधिक थकविते, याचा दाखला आपल्या घरांतच आहे. कोजागिरीच्या रात्रीं गच्चीवर आटीव दुधाच्या नादांत हाच गृहस्थ दोन वाजेपर्यंत हंसतखेळत जागतो आणि दुसऱ्या दिवशीं थोडी पेंग आली तरी कचेरींतलें काम व्यवस्थित उरकतो. तेवढेंच जागरण अंथरुणावर पडून, घड्याळ पाहत झालें कीं त्याला वाटतें, आतां उद्यांचा दिवस बुडाला. जागण्याचे तास दोन्हीकडे सारखेच. फरक आहे तो झुंजीचा.

म्हणून पहिला उपाय झुंज सोडण्याचा. रिचर्ड बुटझिन यांनीं १९७२ सालीं एक साधी पद्धत सांगितली. झोप येऊं लागेल तेव्हांच अंथरुणावर जावें. अंथरुणाचा उपयोग झोपेपलीकडे वाचन, जेवण, हिशेब, वादविवाद यांसाठीं करूं नये. पंधरावीस मिनिटें गेलीं आणि झोप लागली नाहीं असें वाटलें (घड्याळ न पाहतां, केवळ अंदाजानें) तर उठून दुसऱ्या जागीं बसावें, आणि पेंग आल्यावरच परतावें. सकाळीं उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी, रात्र कशीही गेली असो. हेतु हा कीं, ज्या अंथरुणाशीं तळमळीची सांगड बसली आहे त्याच्याशीं पुनः झोपेची बसावी.

येथें मौजेची गोष्ट अशी कीं, गिरगांव-परळच्या चाळींतून आणि उपनगरांतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडांतून ही शिस्त पिढ्यान् पिढ्या आपोआप पाळली जात होती. रात्रीं गादी पसरावयाची, पहांटे गुंडाळून कोपऱ्यांत रचावयाची. दिवसा तिच्यावर बसणें म्हणजे बोलणीं खाणें. अडचणीमुळें कां होईना, अंथरूण हें केवळ झोपेचें होतें. आतां घरांत कायमचा पलंग आला. त्याच्यावरच बसून मुलें अभ्यास करतात, वडील कचेरीचें काम करतात, आणि चहाही तेथेंच येतो. पलंग वाईट असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्याच्याबरोबर एक चांगली संवय निघून गेली, हें खरें.

मात्र "उठून दुसऱ्या खोलींत जावें" हें पाश्चात्य पुस्तकांतील वाक्य आपल्याकडे जसेंच्या तसें चालत नाहीं. जेथें एकाच खोलींत पांच माणसें दाटीनें निजलेलीं आहेत, तेथें दुसरी खोली आणावयाची कोठून? आणि दिवा लावला तर सासूबाई विचारणार, "कां रे, बरें नाहीं का वाटत?" यावर तोड एवढीच कीं, जागा संध्याकाळींच ठरवून ठेवावी. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशीं एक स्टूल, गॅलरींतली खुर्ची, नाहींतर भिंतीला टेकून पसरलेली एक सतरंजी पुरे. घरच्यांना आधीं सांगून ठेवावें, म्हणजे कोणी घाबरत नाहीं. मंद उजेडांत निवडटिपण, कपड्यांच्या घड्या, किंवा वाचून झालेलें पुस्तक चालेल, मोबाइल नको. घरांतल्या स्त्रीच्या बाबतींत एक सावधगिरी अवश्य हवी. ती रात्रीं उठली कीं उद्यांची भाजी चिरून ठेवते, आणि मग तिचें उठणें हीच एक पाळी होऊन बसते. तें होऊं देऊं नये.

स्पीलमन यांचा दुसरा उपाय थोडा कठोर आहे. पण "अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण जणूं त्यासाठींच केली असावी! एखादा मनुष्य रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत आठ तास पडून राहतो आणि त्यांतले साडेपांचच तास झोपतो. त्यानें कांहीं दिवस साडेबारालाच अंथरुणावर जावें आणि सहाला उठावें. पहिला आठवडा जड जातो. पण झोपेची ओढ सांचते आणि तुकडे जुळूं लागतात. पडून राहिलेल्या वेळाचा बहुतेक भाग झोपेंत जाऊं लागला कीं निजण्याची वेळ दर आठवड्यास पंधरा मिनिटें अलीकडे आणावी. अंथरुणावरचा वेळ पांच तासांखालीं नेऊं नये. ज्यांना फेफरें येतें, ज्यांना उन्मादाचे झटके येऊन गेले आहेत, किंवा जे वाहन अगर यंत्र चालवितात, त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून हा प्रयोग करूं नये.

आतां मूळ काळजीचें काय? ती खोटी नसते. तिला हांकलून लावण्यानें ती जात नाहीं. तिला वेळ नेमून द्यावी लागते. थॉमस बोर्कोव्हेक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८३ सालीं असा प्रयोग केला कीं, दिवसांतून ठराविक वेळीं, ठराविक जागीं, अर्धा तास फक्त काळजीच करावयाची. एरवीं ती आली तर तिला त्या वेळेवर ढकलावयाचें. संध्याकाळीं दिवेलागणीनंतर वही घेऊन बसावें. डाव्या बाजूस काळजी लिहावी, उजव्या बाजूस उद्यां करावयाचें एक काम. "घराचें काय होणार?" याला उत्तर नसतें, "मंगळवारीं सोसायटीच्या चिटणिसांना भेटून कराराची प्रत मागणें" याला असतें. अमेरिकेंतील बेलर विद्यापीठांत ५७ तरुणांवर केलेल्या आणि २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, निजण्यापूर्वीं पांच मिनिटें उद्यांच्या कामांची यादी करणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षां लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण दिशा पटण्यासारखी आहे.

कांहीं रात्रींची भीति मात्र अनुभवानें शिकविलेली असते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. साकीनाक्याला दरड कोसळली. तळमजल्यांच्या घरांत पाणी चढलें. त्या दिवसाची आठवण असलेला मनुष्य आजही रात्रीं पत्र्यावर सर कोसळली कीं ताडकन् उठून बसला, तर त्याला भित्रा म्हणणें अन्याय होईल. त्याला धीराचे शब्द देण्यापेक्षां व्यवस्था द्यावी. महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून माळ्यावर ठेवावे. भरतीची वेळ वर्तमानपत्रांत येते ती सायंकाळीं पाहावी. शेजाऱ्यांशीं पाळी लावून ठरवावें कीं, पाणी अमुक पायरीला लागलें म्हणजे ज्याची पाळी असेल त्यानें इतरांना उठवावें. ज्या रात्रीं दुसऱ्याची पाळी असते त्या रात्रीं कान थोडे तरी मोकळे होतात.

विचारांची एक खोडही येथें ध्यानांत घ्यावी. अल्बर्ट एलिस यांनीं १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धति काढली, आणि मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनीं जी मराठी वाचकांपर्यंत पोहोंचविली, तिच्या दृष्टीनें सारा घोटाळा "च" या अक्षरांत आहे. "झोप लागली तर बरें" ही इच्छा झाली. "झोप लागलीच पाहिजे" हा हुकूम झाला. हुकूम केल्यानें झोप येत नसते. शवासन किंवा संथ श्वसन करणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानीं धरावें. श्रीयोगेंद्र यांनीं १९१८ सालीं वर्सोव्यास योगसंस्था काढली तेव्हांपासून उपनगरांना हीं साधनें परिचित आहेत, आणि तीं उत्तम आहेत; परंतु "दहा मिनिटें झालीं, अजून कशी लागली नाहीं?" असें मनांत मोजीत केलेलें शवासन हें शवासनच नव्हे. अंगाला विश्रांति मिळाली एवढ्यावर समाधान मानावें.

गोळ्यांविषयीं थोडक्यांत. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत बार्बिट्युरेट जातीचीं औषधें दिलीं जात. त्यांनीं कित्येकांचे प्राण घेतले. १९६० नंतर त्यांच्या जागीं आलेलीं शामक औषधें त्या मानानें सौम्य, परंतु त्यांची संवय जडते, आणि वृद्धांना त्यांमुळें रात्रीं तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. शेजाऱ्याची गोळी मागून घेणें हा प्रकार आपल्याकडे फार आहे. तो बंद व्हावा. ज्यांना गोळीची संवय झाली आहे त्यांनीं ती एकाएकीं सोडूं नये. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हळूहळू कमी करावी. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशिअन्स या वैद्यकसंस्थेनें २०१६ सालीं असा निर्वाळा दिला कीं, प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर प्रथम उपाय वर्तनाचा व विचाराचा करावा, औषधाचा नंतर.

घोरतां घोरतां श्वास अडकून जाग येत असेल, छाती दुखत असेल, किंवा पहांटे जाग येऊन जगण्यांत अर्थ नाहीं असें वाटत असेल, तर मात्र वह्या आणि सतरंज्या यांवर विसंबूं नये. पहिल्या दोन गोष्टींसाठीं डॉक्टरांकडे त्वरित जावें. तिसरीसाठीं घरांतल्या एका तरी माणसास उठवावें, मग रात्रींचे कितीही वाजलेले असोत. आणि तें शक्य नसेल तर १४४१६ हा क्रमांक फिरवावा. मानसिक आरोग्यासाठीं केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेली टेलिमानस नांवाची ती सेवा आहे. तिला पैसे पडत नाहींत, ती रात्रंदिवस चालू असते, आणि तिच्यावर मराठींत बोलतां येतें.