वर्गातील कोरफड

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी बीड जिल्ह्यात घरोघर सांगितल्या गेल्या. अशा मुलुखातील मूल झाडाला पाणी घालणे हे पुण्यकर्म समजते, यात नवल नाही. वर्गाच्या खिडकीतील कोरफड मात्र बहुधा याच मायेने दगावते. प्रत्येकाने पेलाभर पाणी ओतले की मुळे कुजतात, पाने बुडाशी पिवळी व बुळबुळीत होतात. आणि झाड सुकले असे समजून मुले आणखी पाणी घालतात!

कोरफड पानांतील गरात पाणी साठविते. तिची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, म्हणून दिवसा तिचे पाणी फारसे उडत नाही. येथील काळी माती ओल धरून ठेवते. तीत जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे भरपूर मिसळावेत. कुंडीला भोक हवेच. पाण्याचे काम एकाच मुलाकडे सोपवावे. त्याने मातीत बोट खुपसून पाहावे. कोरडी लागली तरच पाणी द्यावे व फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहावी. पाने पातळ होऊन आत वळली, तर ती खरी तहान. सालीखालचा पिवळा चीक रेचक असतो. तो मुलांच्या तोंडी जाऊ देऊ नये.

उन्हाळी सुटीच्या आदल्या दिवशी एकदा पाणी देऊन कुंडी खिडकीपाशी उजेडात ठेवावी व शाळेला निर्धास्तपणे कुलूप लावावे.