अनामत कुणाची, जप्ती कशासाठी?

(तळेगाव ढमढेरे इथल्या बैठकीत संघटनेच्या कार्यकर्त्यांतर्फे केलेलं भाषण)



आज आपण जमिनीच्या अर्जांसाठी जमलो आहोत. लांबून डोंगरपट्ट्यातून, रानातल्या वाड्यांवरून माणसं आली आहेत. अर्जांचं बोलणं पुढं होईलच. पण त्याआधी आम्हाला एका तलावाची हकीगत सांगायची आहे. ती ऐका, कारण उद्या तुमच्याकडं मोहाचा, गवताचा, लाकडाचा लिलाव निघाला तर हीच पाळी तुमच्यावर येईल.

आमच्या वस्तीजवळ पाझर तलाव आहे. त्यात आमचे आजे-पणजे मासे धरत आले. मग सरकारी कागद निघाला की मासेमारीचा ठेका लिलावानं जाणार. आम्ही अकरा घरांनी ठरवलं, दरवर्षी ठेकेदाराच्या हाताखाली जाळं ओढण्यापेक्षा एकदा आपणच बोली लावू. शेरडं विकली, एका म्हातारीनं हातातल्या चांदीच्या पाटल्या गहाण टाकल्या. बोलीला उभं राहायला ५०० रुपये बयाणा भरला. बोली ६,२०० ला आमच्या नावावर सुटली. लगेच पाव रक्कम, म्हणजे १,५५० रुपये, सुरक्षा अनामत म्हणून भरली. बाकीची रक्कम मंजुरीनंतर १५ दिवसांत भरायची होती.

आम्ही हेलपाटे घालत राहिलो. कारकून म्हणायचा, "साहेबांची सही व्हायची आहे, कळवतो." कळवलं ते पत्रानं. पत्रावर मंजुरीची तारीख होती, आणि पत्र वस्तीवर पोचलं तेव्हा त्या तारखेपासून १९ दिवस झाले होते. आम्ही पैसे घेऊन धावत गेलो, तर उत्तर मिळालं, "मुदत संपली. अनामत जप्त."

पुढं काय झालं तेही सांगतो. महिन्याभरात तलावाचा फेरलिलाव झाला. एका ठेकेदारानं तो ६,९०० ला घेतला. म्हणजे आमच्या बोलीपेक्षा ७०० रुपये जास्तच आले. वर आमचे २,०५० सरकारजमा झाले. आता त्याच तलावावर आमची पोरं त्या ठेकेदाराची जाळी ओढतात, आणि चार घरं उसाच्या तोडीला गेली.

आम्ही त्या कचेरीत एकच प्रश्न विचारला. साहेब, आमच्यामुळं सरकारचं नुकसान किती झालं? उत्तर मिळालं नाही. म्हणून आम्ही वकिलाकडं बसून कायदा समजून घेतला. तो जसा समजला तसा सांगतो.

आपल्या देशात १८७२ सालचा करार कायदा चालतो. त्याचं ७४ वं कलम म्हणतं की करार मोडला तर करारात लिहिलेल्या दंडाच्या आकड्यापर्यंत वाजवी भरपाई मिळेल. शब्द नीट ऐका, वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही वरची हद्द झाली, तेवढा दरवेळी घ्यायचाच असा त्याचा अर्थ होत नाही.

यावर सुप्रीम कोर्टाचा १९६९ सालचा निकाल आहे. मौला बक्ष नावाच्या ठेकेदारानं १९४७ साली लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवायचे ठेके घेतले. दोन ठेक्यांची मिळून १८,५०० रुपये अनामत ठेवली. माल वेळेवर पोचला नाही, सरकारनं ठेके मोडले आणि अनामत जप्त केली. कोर्टानं म्हटलं, ही सुरक्षा अनामत आहे, बयाणा नव्हे. जिथं नुकसान मोजता येतं तिथं सरकारनं ते दाखवून दिलं पाहिजे. सरकारनं दाखवलं नव्हतं. म्हणून पैसे परत द्यायचा हुकूम झाला.

पण आम्ही तुम्हाला अर्धीच बाजू सांगणार नाही. त्याच वर्षी दुसरा निकाल लागला. हनुमान कॉटन मिल्स या कंपनीनं टाटा एअरक्राफ्टकडून १० लाखांचं भंगार घ्यायचा सौदा केला, पाव रक्कम म्हणजे अडीच लाख बयाणा भरला आणि बाकी दिले नाहीत. तिथं कोर्टानं बयाण्याची जप्ती कायम केली. बयाणा म्हणजे सौदा पाळीन याची खूण. सौदा मोडला की तो जातो, असं कोर्ट मानतं.

म्हणून आमच्या दोन पावत्या आम्ही वेगळ्या धरल्या आहेत. ५०० च्या पावतीवर बयाणा लिहिलंय, ते मिळतील अशी खात्री आम्ही देत नाही. १,५५० च्या पावतीवर सुरक्षा अनामत लिहिलंय, ते आम्ही मागणारच. शिवाय पत्रच मुदतीनंतर मिळालं, मग चूक कुणाची, हाही प्रश्न आहे.

आमचंही चुकलं, ते कबूल करतो. लिलावाच्या अटी आम्ही वाचून घेतल्या नाहीत. अंगठे उठवले आणि कागद तिथंच ठेवून आलो. तुम्ही असं करू नका.

बोलीला जाण्याआधी अटींची नक्कल घ्या आणि वस्तीवर चारचौघांत मोठ्यानं वाचून घ्या. पावतीवर बयाणा लिहिलंय की अनामत, ते बघा. १५ दिवस कधीपासून मोजायचे, सहीच्या तारखेपासून की पत्र हातात पडल्यापासून, ते आधी लेखी विचारा. पत्राचा लिफाफा फेकू नका, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो. पैसे जमत नसतील तर मुदत संपायच्या आत वाढीव मुदतीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. जप्ती झालीच तर फेरलिलावाचा आकडा लेखी मागा. जास्त आला तर तो तुमचा पुरावा. कमी आला तर मात्र फरक तुमच्याकडून वसूल होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा. सरकारवर दावा लावायचा तर दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते.

आता शेवटचं. मौला बक्षला निकाल मिळायला २२ वर्षं लागली. मोठा ठेकेदार एक अनामत सोडून दुसऱ्या लिलावाला जातो. आपली अनामत म्हणजे शेरडं, पाटल्या, पोरांचं पावसाळ्यातलं धान्य. दोघांना एकच अट लावली की ती दोघांवर सारखी पडत नाही.

आणि लिलाव तरी कशाला? जंगलातले कूप पूर्वी ठेकेदार बोलीनं घेत आणि आपले लोक तिथं मजुरीला राबत. १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या, आणि त्यांना बोलीशिवाय कूप देण्याची वाट सरकारनंच काढली. कूपाला जे जमलं ते तलावाला का जमू नये? आमची मागणी साधी आहे. काठावर राहणाऱ्यांच्या संस्थेला तलाव आधी विचारा, नंतर बाजारात न्या.

आमचा अर्ज परवा जाणार आहे. त्यावर अकरा घरांचे अंगठे आहेत. पाटल्या गहाण टाकलेल्या म्हातारीनं अंगठा उठवताना विचारलं, "या बारीला कागद वाचला का रे?" आम्ही तिला तो दोनदा वाचून दाखवला. तुमच्याकडं असं झालं असेल तर पावत्या घेऊन या, आपण एकत्र जाऊ.

राम राम.