मे महिन्यात सेट केलेला कार्ब डिसेंबरात का दगा देतो?

आज विषय तोच, ज्यावर रोज विचारणा होते: "भाऊ, आरएक्सला अठ्ठावीसचा कार्ब टाकू का?"

आधी माझी चूक ऐका. मी पण २८ एमएमचा कार्ब ऑनलाइन मागवला आणि मे महिन्यात बसवला. ४५ डिग्रीत गाडी मस्त पळत होती. डिसेंबरात पहाटे बुटीबोरीकडे निघालो, वर्धा रोडवर फुल थ्रॉटल दिला आणि पिस्टन जाम. मागचं चाक लॉक झालं. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून आज तुमच्याशी बोलतोय.

झालं काय? थंड हवा दाट असते. नागपुरात मे महिन्याची दुपार ४५ डिग्रीची, डिसेंबरची पहाट १० डिग्रीची. म्हणजे तेवढ्याच जागेत थंडीत साधारण १२ टक्के जास्त हवा मावते. कार्बला हे कळत नाही. जेटचं भोक तेवढंच राहतं, त्यामुळे पेट्रोल हवेच्या मानाने कमी पडतं. यालाच मिश्रण लीन होणं म्हणतात. टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे पिस्टन जास्त तापणार. आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळत असाल तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्याच जेटवर मिश्रण अजून लीन होतं.

आता निवड. आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसीचं, कंपनीचा कार्ब मिकुनीचा, २० एमएमचा. पोर्ट, सायलेन्सर काहीच बदललं नसेल तर २८ कशाला? भोक मोठं झालं की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि पेट्रोल नीट ओढलं जात नाही. सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडखळत चालेल. रोजच्या वापराला २० चाच चांगला कार्ब, फार तर २४. आणि हो, मिकुनीचा १०० नंबरचा जेट आणि केहिनचा १०० नंबरचा जेट एकच समजू नका. दोघांची नंबर द्यायची पद्धत वेगळी आहे.

आता ट्यूनिंग. आधी मॅनिफोल्डच्या रबराला चीर नाही ना, ते बघा. तिथून हवा शिरत असेल तर बाकी सगळी मेहनत वाया. मग इंजिन गरम करा. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या आणि दीड फेरी बाहेर काढा. तिथून थोडा आत-बाहेर करून आरपीएम सगळ्यात जास्त कुठे चढतो ते शोधा, मग आयडल खाली आणा.

थ्रॉटल थोडाच उघडा असताना पायलट जेट आणि एअर स्क्रूचं काम चालतं. पाव ते पाऊण थ्रॉटलला सुई. मधे मिसिंग येत असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली करून बघा. सुई वर येते, पेट्रोल वाढतं. पाऊण ते फुल थ्रॉटल मेन जेटचा. तिथे नेहमी मोठ्या जेटपासून सुरू करा आणि एकेक नंबर खाली या. लहानापासून वर जाल तर इंजिनच जाईल.

शेवटी प्लग बघा. नवा प्लग लावा, मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ फुल थ्रॉटल द्या, मग क्लच दाबून इंजिन बंद करा. प्लग चहाच्या रंगाचा आला तर सेटिंग बरोबर. काळा, ओला असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा असेल तर थांबा, तशी गाडी पळवू नका.

एक सवय लावून घ्या. जेटचा नंबर, क्लिपची खाच आणि त्या दिवशीचं तापमान मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा प्लग उघडून बघा. एका जेटच्या खर्चात बोअर-पिस्टन वाचतं, आणि तुम्हीही.

भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला, काळजी घ्या!