ओल आलेली भिंत

जुन्या घरात राहणाऱ्यांकडे आषाढ-श्रावणात एक पाहुणा न चुकता येतो, तो म्हणजे भिंतीची ओल. वाईतल्या आमच्या घराची बैठकीची खोली भाजक्या विटांची, चुन्यात बांधलेली, वय शंभरीपुढचं. तिची रस्त्याकडची भिंत पोपडे टाकू लागली होती. खाली पांढरा लोणा, वर बुरशी आणि त्याच भिंतीशी ऐंशी ओलांडलेल्या आईचा पलंग. थोरले भाऊ म्हणाले, "फरश्या ठोकून झाकून टाकू, नाहीतर सरळ पाडू." आई घर सोडायला तयार नव्हती, नव्याने बांधायला पैसा नव्हता. तेव्हा ही एक भिंत मी आणि बायकोने स्वतःच करायला घेतली.

या भिंतीला पूर्वी कधीतरी कमरेइतका सिमेंटचा गिलावा करून त्यावर तैलरंग दिलेला होता. दुखणं तिथेच होतं. जुनी वीट आणि चुना जमिनीतलं पाणी शोषतात आणि हवेत सोडून देतात. सिमेंट आणि तैलरंगाने ही वाट बंद होते. मग पाणी आतून वर चढतं आणि गिलावा संपतो तिथे बाहेर पडतं. सिमेंट वाईट असं नाही, नव्या बांधकामात त्याची जागा आहेच. पण पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं. त्याआधीची शतकानुशतकं घरं चुन्यावरच उभी राहिली.

आधी बाहेरचं पाहिलं. पागोळ्यांचं पाणी थेट पायाशी पडत होतं. तिथे पन्हळ बसवली, भिंतीलगतची साचलेली माती उपसली. हे न करता आत कितीही रंगवा, पैसा पाण्यात!

मग दिवाळीनंतर सिमेंट काढलं. छिन्नी तिरकी धरून, हलक्या हाताने, कारण घाई केली तर सिमेंटबरोबर विटेचा पापुद्रा निघतो. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, भिंतीवरचा रंग मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून तो कोरडा घासला नाही. ओला करून खरवडला, तोंडाला मास्क लावला आणि आईला व नातवंडांना मागच्या खोलीत हलवलं. तुळईला आणि विजेच्या तारांना आम्ही हात लावला नाही. ती कामं जाणकाराचीच.

भिंत तीन महिने उघडी ठेवली. येणारे-जाणारे विचारत, "काम अडलंय का?" अडलं नव्हतं, भिंत वाळत होती. लोणा वर आला की कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही. धुतला की क्षार पुन्हा आत जातात.

गिलाव्याला एक घमेलं विरलेला चुना, एक सुरखी, एक वाळू. सुरखी म्हणजे विटांची पूड. तिच्यामुळे चुना ओलसर जागीही घट्ट होतो. कळीचा चुना घरी विरवणार असाल तर जपून. पाणी उकळू लागतं, शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. आम्ही विरलेलाच आणला, तरी चष्मा आणि हातमोजे घातले. भिंतीवर पाणी शिंपडून पातळ दोन थर दिले आणि आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवलं. शेवटी कापडातून गाळलेल्या चुन्याची सफेदी, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. कोपऱ्यात हातभर डाग अजून उमटतो, पण दिवाळीपर्यंत आपोआप वाळतो. बुरशीचा वास गेला. पलंग जागेवर आहे. आईची तक्रार एकच: भिंतीला टेकलं की लुगड्याला चुना लागतो. त्यासाठी तिथे सतरंजी टांगली आहे, तीही भिंतीपासून चार बोटं दूर.