कर्करोगाचे ज्ञान आणि त्याची कसोटी
(काष्टी येथील बौद्ध बांधवांच्या सभेत केलेले भाषण)



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दीक्षा देऊन दैवाचे जोखड आपल्या मानेवरून उतरविले. तरीही घरात कर्करोग शिरला की पूर्वजन्मीचे पाप आणि देवीचा कोप यांची कुजबूज सुरू होते. कर्करोग हा शरीरातील पेशींच्या बेबंद वाढीचा विकार आहे. तंबाखू, मिश्री व दारू यांमुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एका विषाणूच्या दीर्घ संसर्गातून उद्भवतो. लवकर सापडल्यास दोहोंवर इलाज होऊ शकतो.

हे सांगणारी व्याख्याने पुष्कळ होतात. परंतु ऐकीव गोष्ट केवळ ऐकली म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तीच कसोटी आरोग्यशिक्षणालाही लावली पाहिजे. सभा किती भरल्या व पत्रके किती वाटली, हे त्याचे माप नव्हे.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगत व संशयित रुग्णांना तपासणीस धाडीत. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक प्रमाणात लवकरच्या अवस्थेत येऊ लागले, हे त्याच नोंदींनी दाखविले.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांची दोन गटांत पाहणी केली. एका गटास एकदा शिक्षण मिळाले. दुसऱ्यास शिक्षणाबरोबर दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी. ती करणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. त्या प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या गटातील गरीब स्त्रियांना तपासणी का दिली नाही, असा आक्षेप पुढे घेण्यात आला, आणि तो रास्त आहे. निष्कर्ष मात्र आपण विसरू नये: ज्ञानाच्या जोडीला तपासणी हवी.

म्हणून तीन प्रश्न विचारा. व्याख्यानानंतर किती भगिनी तपासणीस गेल्या? रुग्णाला त्याचा रोग, उपचार व पुढील तारीख त्याच्या भाषेत कळली काय? आणि आरोग्यकर्मचारी तोंड उघडून पाहतात काय, संशय येताच पुढे पाठवितात काय? तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांच्या मुखाची, तसेच स्त्रियांच्या स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. ती मागणे ही याचना नव्हे, तो हक्क आहे. काष्टीच्या बाजारात दात पाहिल्याखेरीज कोणी बैल घेत नाही. मग स्वतःच्या तोंडातील न भरणाऱ्या जखमेकडे महिनोन्‌महिने दुर्लक्ष का करावे?

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. कर्करोग स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. तरीही रुग्णाची भांडी वेगळी ठेवणारी घरे आहेत. ज्यांच्या वाडवडिलांसाठी गावाने वेगळी कपबशी ठेवली, त्यांनी आपल्याच आईची कपबशी वेगळी ठेवावी काय? भगवान बुद्धांनी आजारी भिक्षूला स्वतःच्या हातांनी धुतले. आपल्या घरातील रुग्ण एकटा जेवत नाही, हीच आपल्या शिक्षणाची पहिली परीक्षा होय.

विहारातील पुढच्या सभेत किती जण तपासणीस गेले याचा हिशेब मांडा, आणि जे राहिले त्यांच्या घरी जा.

नमो बुद्धाय! जय भीम!