टर्बो टायमर आणि अलार्म



बेंगळुरूच्या टाउन हॉलवरून जे. सी. रोडला लागलं की दुतर्फा गाड्यांच्या सामानाची दुकानं दिसतात. सीट कव्हर, हॉर्न, दिवे, अलार्म, काय हवं ते. टर्बो गाडी हौसेनं पळवणारे काहीजण तिथं आणखी एक डबी शोधत येतात, टर्बो टायमर नावाची. ही डबी आणि चोरीचा अलार्म एका गाडीत आले की त्यांचं जमत नाही. जमवता येतं, पण त्याआधी टर्बोचं थोडं समजून घेऊ.

टर्बोत इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. बेंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर, हवा मुंबईपेक्षा जवळजवळ दहा टक्के विरळ. टर्बोचा उपयोग इथं चांगला जाणवतो. दोन्ही चक्रांचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. पेट्रोल गाडी जोरात हाणली तर धूर ९०० अंशांच्या आसपास तापतो. दांड्याला आधार असतो तेलाच्या पातळ थराचा. इंजिन बंद केलं की तेलाचा पंपही थांबतो. मग तापलेल्या टर्बोत राहिलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि हळूहळू बेअरिंगची वाट लागते. म्हणून टायमर. किल्ली काढून तुम्ही निघून गेलात, तरी तो इंजिन मिनिटभर, दोन मिनिटं चालू ठेवतो आणि मग बंद करतो.

घोळ इथंच होतो. गाडी चालू आहे की बंद, हे अलार्मला इग्निशनच्या तारेवरून कळतं. टायमर नेमकी तीच तार जिवंत ठेवतो. अलार्मला वाटतं, मालक अजून गाडीत बसलेला आहे. तुम्ही रिमोट दाबता, दारं लागतात, पण पहारा सुरूच होत नाही. एखादा अलार्म पहाऱ्यावर बसलाच, तर त्याचा इमोबिलायझर इंजिनाचा पुरवठा तोडतो आणि टायमर असून नसल्यासारखा होतो. तेही टळलं, तर डिझेल इंजिनाच्या थरथरीनं शॉक सेन्सर चाळवतो आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये सायरन घुमू लागतो.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे टर्बो टायमरची सोय आतच असलेला अलार्म घेणं. इंजिन तोच चालू ठेवत असल्यामुळे गैरसमजाला जागा उरत नाही. तेवढ्या वेळापुरता तो शॉक सेन्सर झोपवतो आणि दारांवर मात्र लक्ष ठेवतो. दोन वेगळ्या डब्या असतील, तर अलार्मची तार अॅक्सेसरीच्या, म्हणजे म्युझिक सिस्टीमच्या लाइनवर घेता येते. टायमर त्या लाइनला हात लावत नसेल, तर किल्ली काढताच ती मरते. इमोबिलायझरचा रिले इंधनाच्या पंपावर न बसवता स्टार्टरच्या तारेवर बसवला, की चालू इंजिन बंद पडत नाही. धक्का मारून गाडी चालू करणारा चोर त्यामुळे अडत नाही, हे मात्र धरून चाला. त्याच्यासाठी स्टिअरिंग लॉक आहे.

टायमरची एक तार हँडब्रेकला जोडलेली असायलाच हवी: ब्रेक सुटला की इंजिन बंद. आपल्याकडे चढावर गाडी गिअरमध्ये टाकून उभी करायची सवय असते. टायमरवर इंजिन चालू असताना ते जमत नाही, गाडी न्यूट्रलमध्येच ठेवावी लागते. मल्लेश्वरमच्या उतारावर निव्वळ हँडब्रेकच्या भरवशावर चालती गाडी सोडून जायला माझं तरी मन धजत नाही.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी उभी करायची, तर परवानाधारक माणूस चालकाच्या जागेवर हवा. नाहीतर इंजिन बंद करून, ब्रेक लावून किंवा दुसरा उपाय करून, गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था हवी. किल्ली खिशात आणि इंजिन चालू, हे त्यात बसत नाही. स्वतःच्या बंद गॅरेजमध्ये कायदा आडवा येणार नाही, पण पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड येईल.

माझ्या मते बेंगळुरूत टायमरची गरज फारशी नाहीच. सिल्क बोर्ड चौकातल्या कोंडीतून रांगत घरी पोचलेल्या गाडीचा टर्बो वाटेतच निवलेला असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत टर्बोभोवती पाणी खेळवलेलं असतं. काहींत इंजिन बंद झाल्यावरही विजेचा छोटा पंप ते फिरवत राहतो. नंदी हिल्सचा घाट जोरात चढून वर पोचलात किंवा तुमकुरू रोडवरून सुसाट येऊन इडली खायला थांबलात, तर शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर हळू घ्या आणि मिनिटभर गाडीतच बसा. पैसे वाचतात, तारा कापाव्या लागत नाहीत.

तरीही दोन्ही बसवायचंच असेल, तर पैसे देण्याआधी फिटरसमोर एवढं करून बघा. काच खाली घेऊन किल्ली काढा, बाहेर येऊन रिमोट दाबा. इंजिन चालू असतानाच खिडकीतून हात घालून दार उघडा. सायरन वाजला पाहिजे. तो बंद करून हँडब्रेक सोडा. इंजिन थांबलं पाहिजे. मग ब्रेक ओढून, दार लावून पुन्हा रिमोट दाबा आणि थोडं थांबून बॉनेटवर एक थाप मारा. आता सायरन वाजला नाही, तर गाडी तिथून हलवू नका.