मातीच्या विद्या आणि पोटापाण्याचा प्रश्न



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान येतात. मी विद्वान नव्हे. नववीनंतर शाळा सुटली, कारखान्यात लागलो, आणि पुढचे सारे वाचन पाळी संपल्यावर नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. पुरातत्त्व आणि मानवशास्त्र या विषयांवर कामगार संघटनेच्या माणसाने कशाला बोलावे, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. कारण एवढेच, की गेल्या दोन वर्षांत आमच्या तिघाचौघा सभासदांनी मला एकच प्रश्न केला: "भाऊ, पोरगी म्हणते पुरातत्त्व शिकणार. शिकू द्यावं का? पोट भरेल का त्यावर?" या प्रश्नाला हसणारे लोक मला आवडत नाहीत. ज्याच्या घरी दोन महिन्यांचा पगार शिलकीला नाही, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचेच उत्तर आज मला जमेल तसे देणार आहे.

प्रथम ही विद्या आहे तरी काय, ते पाहू. पुरातत्त्व म्हणजे मोहरांचे हंडे उकरणे, ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख मंडळी. निघाले काय? साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची कुडाची घरे, चुली, धान्य साठवण्याची पेवे, जवाचे व मसुरीचे जळके दाणे, आणि नदीचे पाणी शेताकडे नेणारा पाट व त्याचा बांध. दगावलेली मुले घराच्या भुईखालीच, दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून, त्यांत पुरलेली होती. थोरांना पुरताना त्यांची पावले घोट्याजवळ तोडलेली आढळली. एक पुरुष मात्र चार पायांच्या, न भाजलेल्या रांजणात बसवून पुरलेला होता आणि त्याची पावले शाबूत होती. तो कोणी मानाचा माणूस असावा. म्हणजे गावात थोर-लहान हा भेद तेव्हाही होता, आणि तो मेल्यावरही पाळला जात होता.

हे सारे कळते कशावरून? मातीच्या थरांवरून, खापरांवरून, जळक्या दाण्यांवरून, हाडांवरून. दात घडत असताना मूल फार उपाशी किंवा फार आजारी राहिले, तर दाताच्या वरच्या कवचावर आडवी खोलगट रेघ उमटते, आणि ती पुढे जन्मभर भरून येत नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या दातावर तो दुष्काळ आज वाचता येतो. मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमच्याकडे हजेरीपट मालकाच्या ताब्यात असतो आणि त्यात खाडाखोड होते. या हजेरीपटात कोणाला खाडाखोड करता येत नाही.

आता शिक्षणाकडे वळतो. आपल्या पुण्याचे भाग्य असे, की बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, आणि त्याच वर्षी सांकलिया व इरावती कर्वे हे दोघेही तेथे रुजू झाले. १९९० पासून ते अभिमत विद्यापीठ आहे. पुरातत्त्वाच्या एम.ए.ला तेथे कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो, ही गोष्ट आपल्या गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. इतिहासवालाच लागतो असे नाही. वनस्पतिशास्त्राच्या मुलाला जळके दाणे ओळखता येतात, रसायनवाल्याला धातू, भूगोलवाल्याला नदीने पात्र केव्हा बदलले ते. दिल्लीस केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५९ मध्ये स्वतःचे विद्यालय काढले. ती संस्था आता ग्रेटर नोएडाला असून तेथे एम.ए. नंतर दोन वर्षांची पदविका मिळते. जागा अगदी थोड्या असतात. मानवशास्त्राचा विभाग पुणे विद्यापीठात आहे. कलकत्त्याला तर हा विषय १९२० पासून पदव्युत्तर वर्गांत शिकवला जातो.

आणि नोकऱ्या? येथे मी गोड बोलणार नाही. १८६१ मध्ये कनिंगहॅमसाहेबांच्या हाताखाली सुरू झालेले केंद्रीय सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, विद्यापीठे, आणि वस्तुसंग्रहालये, एवढेच मोठे दरवाजे. सरकारी जागा लोकसेवा आयोगाच्या नाहीतर निवड मंडळाच्या परीक्षेतून भरतात, आणि त्यांच्या जाहिराती वर्षानुवर्षे निघत नाहीत. मधल्या काळात मुले प्रकल्पापुरत्या नेमणुकीवर राहतात. प्रकल्प संपला की घरी. कंत्राटी कामगाराचे दुःख मी तीस वर्षे पाहतो आहे. एम.ए. झालेल्या कंत्राटी कामगाराचे दुःख त्याहून वेगळे नसते, तो फक्त संघटनेत यायला लाजतो.

यावर कोणी म्हणेल, काम नसेल तर माणसे कशाला नेमावीत? काम नाही असे नाही. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी अहवाल दिला. केंद्राच्या संरक्षणाखालील १,६५५ स्मारकांची जागेवर जाऊन पाहणी झाली, तेव्हा ९२ स्मारके सापडलीच नाहीत. २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढे जी माहिती आली तीत ३,६९३ स्मारकांपैकी फक्त २४८ ठिकाणी पहारेकरी असल्याचे दिसले. माणसे नेमण्याला पैसा नाही आणि स्मारके हरवण्याला मुभा आहे, असा हा कारभार. म्हणून मुलीला हा विषय घेऊ द्यायचा की नाही, हा निव्वळ तिच्या आवडीचा प्रश्न नाही. जागा भरा असे सरकारला कोण सांगणार, हाही त्यातच आला.

मानवशास्त्राचा दरवाजा माझ्या मते थोडा अधिक रुंद आहे. माणसाचे शरीर, त्याची भाषा, त्याच्या चालीरीती आणि त्याचा लेखनापूर्वीचा काळ, असा चारही बाजूंनी हा विषय माणसाला पाहतो. मानवशास्त्र सर्वेक्षण १९४५ मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्य ठाणे कलकत्त्याला असून एक केंद्र आपल्या नागपुरास आहे. १९८५ मध्ये कुमार सुरेश सिंह यांच्या देखरेखीखाली त्या संस्थेने साऱ्या देशाची पाहणी हाती घेतली आणि ४,६३५ समाजांची नोंद केली. याखेरीज पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आरोग्याच्या योजना, पुनर्वसन, न्यायवैद्यक प्रयोगशाळा येथेही या विद्येचे काम लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हा ऐच्छिक विषय असल्यामुळे पुष्कळ मुले त्या वाटेनेही त्याच्याकडे येतात. ती मार्कांसाठी येतात, हे खरे. पण जिल्हाधिकारी होणाऱ्याने पाड्यावरच्या माणसाविषयी दोन पुस्तके वाचलेली असली तर त्यात नुकसान कोणाचेच नाही.

पुनर्वसनाचे नाव निघाले म्हणून सांगतो. कोयनेच्या धरणाने जी माणसे उठली, त्यांची पाहणी इरावतीबाईंनी आणि जाई निंबकरांनी केली, आणि ती १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. 'युगान्त' लिहिणाऱ्या बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो, त्याच बाई हे काम करीत होत्या. धरणाच्या पाण्याशी पुरातत्त्वाचाही संबंध आला आहे. आंध्रात नागार्जुनसागराच्या पाण्याखाली नागार्जुनकोंड्याचे खोरे जाणार होते, तेव्हा १९५४ ते १९६० या काळात ते घाईने खणून काढण्यात आले आणि स्तूप व इतर अवशेष उचलून टेकडीवर नेऊन मांडले. ती टेकडी आता बेट झाली आहे. स्तूपांची जी काळजी घेतली गेली तेवढी धरणांनी उठवलेल्या माणसांची घेतली जावी, म्हणून तर मानवशास्त्र शिकलेली माणसे हवीत.

आता माझ्या माणसांविषयी बोलतो. खड्ड्यात उतरून कुदळ मारणारा, घमेली वाहणारी, चाळणीवर दिवसभर बसणारी, ही सारी आसपासच्या खेड्यांतली मजूर माणसे असतात. अशा उत्खननावर दोन हंगाम काम केलेली एक बाई आमच्या संघटनेत आहे. ती मला म्हणाली, "भाऊ, कुदळीच्या आवाजावरून समजतं, खाली चोपलेली भुई हाय का भरलेला खड्डा." ही विद्या नव्हे काय? मिसरात फ्लिंडर्स पेट्रीने १८९३-९४ मध्ये कुफ्त गावच्या मजुरांना खोदाईचे शिक्षण दिले. पुढे त्या गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या देशभर उत्खननांवर मुकादम म्हणून मागवले जाऊ लागले. कोणाला वस्तू सापडली तर तिची किंमत पेट्री त्या मजुराला बक्षीस देई, म्हणजे ती परस्पर व्यापाऱ्याकडे जात नसे. तो धर्मात्मा होता असे मी म्हणत नाही. हिशेब त्याला कळत होता. आपल्याकडे १९७४ मध्ये नगर जिल्ह्यात दायमाबादला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, तेही कोणा पंडिताला नाही. झाडाचे मूळ खणणाऱ्या एका भिल्ल शेतकऱ्याला सापडले.

म्हणून कुंभाराच्या, गवंड्याच्या, शेतमजुराच्या मुलाने या विषयाला बिचकण्याचे कारण नाही. खापर चाकावर झाले की हाताने, हे त्याला वर्गातल्या इतरांच्या आधी कळेल. गोंडी किंवा भिली घरात बोलणाऱ्या मुलीला मानवशास्त्रात जो शिरकाव आहे, तो शहरातल्या मुलीला दहा वर्षे खपून मिळायचा नाही.

पण सावधपणे जावे. बी.ए. किंवा बी.एस्सी. अशा विषयात करावे, की पुढे शिक्षकाची किंवा परीक्षेची वाट बंद होणार नाही. त्या तीन वर्षांतच एखाद्या उत्खननावर सुट्टीत जाऊन यावे. उन्हात पंधरा दिवस बसून ब्रशाने माती झाडण्याची आवड आहे की नाही, ते तेथे कळते. रेखाटन, मोजणी, छायाचित्रण आणि संगणकावरचे नकाशे यांपैकी दोन कामे तरी हाती पक्की असावीत, कारण नोकरी नसेल त्या वर्षी तीच भाकरी देतात. एम.ए. नंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा पुरातत्त्वात देता येते, मानवशास्त्रातही देता येते. मोडी शिकली तर दप्तरखान्यांतही काम मिळते. आणि नेमणुकीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद नीट वाचावा: मुदत किती, भविष्यनिर्वाह निधी आहे की नाही, खड्डा ढासळून जखम झाली तर खर्च कोणाचा. ज्या मुलींच्या वडिलांनी मला विचारले, त्यांना मी शिकू द्या असेच सांगितले आहे. त्यांपैकी एकीचा अर्ज गेल्याच आठवड्यात भरून दिला. तिची आई ज्या बांधकामावर आहे, तेथल्या मुकादमाने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिला दोन दिवस सुट्टी द्यायला खळखळ केली, तेवढे एक भांडण मात्र आम्हाला करावे लागले.